एक गुंडी, एक वीत

६ एप्रिल, रविवार

देवळाच्या उत्तरेकडची अग्रशाळेची ओळ पाडण्याची काहीएक गरज नाही, हे मी या वहीत सिद्ध करणार आहे. साधन म्हणून खेळण्यातल्या विटा वापरणार आहे. ही दोन्ही विधाने मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. तसे स्पष्ट सांगण्याची वेळ यावी, याचाच मला संताप आहे.

घडले ते असे. सकाळी देवस्थानचे अध्यक्ष कृष्णनाथबाब आमच्याकडे आले. माझा भाचा गौरेश समितीचा चिटणीस आहे, त्यामुळे देवळाचा निम्मा कारभार आमच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, चालतो. आज बाल्कांवात ऊन आले म्हणून दोघे आत सरले, आणि गौरेशने आराखड्याची गुंडाळी माझ्या मेजावर पसरली. त्या मेजावर एक दीपगृह अर्धे उभे होते. त्याच्या विटा मी आकारानुसार वाट्यांत लावून ठेवल्या होत्या. गौरेशने त्या कोपराने सरकवल्या आणि तीन वाट्या उपड्या झाल्या.

"आतेचां परत बालवाडीत नाव घातलां," तो कृष्णनाथबाबांना म्हणाला.

"बरां केलास. फी नाय, डबो नाय," कृष्णनाथबाब म्हणाले.

दोघे हसले. मी म्हापशाच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत तर्कशास्त्र शिकवले. माझ्यासमोर बसून सलग तीन वाक्ये निर्दोष बोलू शकेल असा महाजन या गावात मला अजून भेटायचा आहे. पण हसण्याला उत्तर देता येत नाही. हसणे हे विधान नव्हे. म्हणून मी आराखडा पाहिला.

देवळाच्या चौकाभोवती भाविकांना राहण्यासाठी खोल्यांच्या ओळी आहेत. त्यांना आम्ही अग्रशाळा म्हणतो. उत्तरेकडची ओळ आराखड्यात नव्हतीच. तिच्या जागी सभामंडप वाढवून सिमेंटचा हॉल काढला होता. त्या ओळीतल्या पहिल्या खोलीत गंगा राहते. देवीचे हार तीच करते. तिचा नवरा देवळात नगारा वाजवीत असे. तो गेल्यावरही खोली तिच्याकडे राहिली. कागद नाही, वहिवाट आहे.

"गंगा कुठे जाणार?" मी विचारले.

"मागल्या बाजूक भक्तनिवास बांधतलो. थंय तिका खोली दितलो," गौरेश म्हणाला.

"तसे लिहून दिले आहे?"

"आते, देवळाचां काम सगळां लिवन जाता काय?"

मी म्हणाले, जे लिहिलेले नाही ते आश्वासन आहे, आणि आश्वासन हा पुरावा होत नाही. त्यावर कृष्णनाथबाबांनी चष्मा काढून पुसला. "मालूबाय, तुमी शिकलेली. पण आमसभा महाजनांची. बायांनी ह्यात पडाचां नाय."

आमच्या देवळात महाजन म्हणजे देऊळ उभारणाऱ्या घराण्यांतले पुरुष. आमच्या घराण्यातली आज वयाने सर्वांत वडील व्यक्ती मी आहे. मला मत नाही, बोलण्याचा अधिकार नाही. ज्याला मी पाढे शिकवले त्या गौरेशला दोन्ही आहेत.

दोघे गेल्यावर मी जमिनीवरच्या विटा उचलल्या. बसले की गुडघे दुखतात, म्हणून राग अधिकच वाढला.

८ एप्रिल, मंगळवार

प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप 'म्हातारचळ' हा असणार. म्हणून विटांचा पूर्ववृत्तांत नोंदवून ठेवते.

मी सात वर्षांची असताना वडिलांनी पणजीहून अशा विटांची एक पेटी आणली. पोर्तुगीज अमदानी होती आणि परदेशी माल पणजीच्या दुकानांत सहज मिळे. पेटी माझ्या धाकट्या भावासाठी, म्हणजे गौरेशच्या वडिलांसाठी, श्रीनाथसाठी होती. पडलेल्या विटा शोधून त्याच्या हाती देणे एवढेच माझे काम. तो सांध्यावर सांधा येईल अशी भिंत रचायचा. अशी भिंत टिकत नाही, वरच्या विटेने खालच्या दोन विटा बांधायला हव्यात, असे मी त्याला सांगितले. तो रडला. आईने मला खोबरे किसायला बसवले. पुढे ती पेटी कुठे गेली, ठाऊक नाही.

गेल्या दिवाळीला गौरेशच्या मुलीने, सेजलने, बेंगळुरूहून मला एक डबा पाठवला. ती तिथे नोकरी करते आणि स्वतः अशाच विटा रचते. डब्यावर लिहिले होते: वय अठरा व पुढे. मी पात्र होते.

त्यातली माहितीपुस्तिका मी आधी टीकेच्या नजरेने वाचली आणि मग चकित झाले. पानामागून पान, आणि शब्द एकही नाही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी. जे दाखवलेले नाही ते गृहीत धरलेले नाही. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांकडून असे लेखन मागत होते, आणि ते मला खेळण्याच्या डब्यात मिळाले.

विटेच्या माथ्यावर ज्या गोल टिकल्या असतात त्यांना मी गुंड्या म्हणते. वरची वीट त्या गुंड्यांवर दाबली की एक बारीक आवाज होतो आणि दोन विटांमधली शंका संपते. म्हापशाच्या बाजारातून मी स्वस्तातल्याही काही आणून पाहिल्या. दिसायला हुबेहूब, पण धरत नाहीत. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात: हेतूसारखा, म्हणजे सबळ कारणासारखा दिसतो, पण भार घेत नाही. त्या मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या.

सेजल फोनवर म्हणाली, "मालूआजी, तू रंगाने लावतेस की आकाराने?"

"आकाराने. रंग डोळ्याला आपोआप सापडतो, आकार शोधावा लागतो."

"मग तू पक्की झालीस," ती म्हणाली.

या घरात गेल्या वर्षभरात मला कोणी दिलेली ही एकमेव पदवी.

१५ एप्रिल, मंगळवार

मापे घेतली. टेपचे एक टोक गौरेशच्या बायकोने, रेश्माने धरले. तिने हे नवऱ्याला न सांगता केले. ते मी ध्यानात ठेवले.

सभामंडप, चौक, तुळशीवृंदावन, चारही ओळी. आकडे वितीत घेतले. आमच्या पूर्वजांनी देऊळ याच मापाने बांधले होते, हे खांबांमधली अंतरे मोजताच कळते. प्रमाण ठरले: एक गुंडी म्हणजे एक वीत.

गंगा आपल्या उंबऱ्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, करीत बसली होती. तिच्या उंबऱ्यावरून देवीचे दार सरळ दिसते. हे मी मुद्दाम टिपले, कारण माझ्या युक्तिवादातला तो एक बळकट हेतू ठरेल.

"ही मापां कित्याक घेतंस गे मालूबाय?" तिने विचारले.

"तुझी खोली वाचवायला."

तिचा हात थांबला. "वाचवतंस?" ती म्हणाली. मग पुन्हा फुले घेतली. "बस मगो हंय. उन्हात उबी रवलंस ती."

तिचा डावा गुडघा सुजलेला दिसला. चौक ओलांडून विहिरीमागच्या संडासाकडे जाताना ती भिंतीला हात लावून चालते. वय होत आले. अशा वयात हक्काची खोली हातची जाणे याहून मोठा अन्याय नाही. तिने आभार मानले नाहीत. खऱ्या कृतज्ञ माणसांना शब्द सुचत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

२३ एप्रिल, बुधवार

सेजलने पाठवलेले खोके आले. चिऱ्यासाठी तांबूस विटा, कौलांसाठी उतरत्या, जमिनीसाठी राखाडी रंगाचे रुंद पाट. मेज पुरेना म्हणून पाट पलंगावर मांडले आणि मी दिवाणावर झोपते.

चौथरा झाला. देवळाच्या भिंती तीन थर चढल्या. प्रत्येक थरात सांधे चुकवले आहेत. श्रीनाथ असता तर दाखवले असते.

जेवताना गौरेश म्हणाला, "बिछान्यार देवूळ आणि म्हातारी दिवाणार. लोक काय म्हणतले?"

"लोक काय म्हणतील हे अनुमान आहे," मी म्हणाले. "देऊळ पलंगावर आहे हे प्रत्यक्ष आहे. प्रत्यक्षाशी भांड."

रेश्मा खाली पाहून हसली. नंतर भांडी आवरताना मला हळूच म्हणाली, "आते, ह्यो दोनदा गंगेकडे जावन इलो. तिच्याकडे बसान बोलत होतो."

म्हणजे अध्यक्षांनी चिटणिसाला पाठवले. एकट्या बाईला तिच्याच उंबऱ्यावर गाठून दबाव आणायचा आणि मग आमसभेत सांगायचे की ती राजी आहे. हे जुने तंत्र आहे. जिथे युक्तिवाद नसतो तिथे ते वापरतात.

३० एप्रिल, बुधवार

गंगेला प्रतिकृती दाखवायला बोलावले. ती काठी टेकत आली आणि खूप वेळ उभी राहूनच पाहत राहिली. शेवटी रेश्माने तिला खुर्ची दिली.

"ह्यां आमचां देवूळ. अगो, तुळस सुद्दा आसा," ती म्हणाली. "माजी खोली ही?"

"ही. दार उघडते, बघ."

तिने बोटाने दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. लहान मुलीसारखी हसली. मग बोट चौकातून फिरवत विहिरीपर्यंत नेले.

"आणि संडास खंय?"

"तो चौकाबाहेर आहे. वादाचा विषय चौकाच्या आत आहे."

"आणि ह्या मागल्या बाजूक काय नाय केलंस?"

"तिथे त्यांचे भक्तनिवास होणार आहे, झाले तर. जे अस्तित्वात नाही ते मी रचत नाही."

"तसां," ती म्हणाली. जाताना दारात थांबून पुन्हा एकदा पलंगाकडे वळून पाहिले. "बरां केलंस गे. पण मागलां पन केलंस आसतां तर बरां जालां आसतां."

सामान्य माणसाला वादाची मर्यादा समजावणे कठीण. तिला सगळे गाव त्यात हवे असेल.

४ मे, रविवार

आज मला निर्णायक हेतू सापडला.

हॉलचा आराखडा मी वेगळ्या पाटावर, माझ्याच प्रमाणात रचून पाहिला: नवे सिमेंटचे खांब, त्यांच्यामधली वाट, सगळे. मग पालखी केली. आमची पालखी आठ जण वाहतात आणि तिची दांडी वीस वीत लांब आहे. चौकाची प्रदक्षिणा झाली की पालखी सभामंडपात येते आणि देवीसमोर आडवी वळते. त्या वळणावर आरती होते. ते वळण झाल्याशिवाय जत्रा पूर्ण होत नाही. या गावात पाच वर्षांच्या पोरालाही ते माहीत आहे.

मी पालखी वाटेतून आत नेली आणि वळवली. दांडी दोन खांबांमध्ये अडकली. उलट वळवून पाहिली, तरी अडकली. खांबांमध्ये सोळा वितींचे अंतर आहे. आराखडा काढणारा इंजिनियर परगावचा. त्याने छताचा भार पाहिला, पालखी पाहिली नाही. आणि आमच्या समितीतल्या, त्या पालखीला आयुष्यभर खांदा दिलेल्या पुरुषांपैकी एकालाही कागदावर ती चालवून बघावीशी वाटली नाही.

मी पलंगाच्या कडेवर बसून एकटीच हसले. रागाने माणूस हसतो, हे यापूर्वी ठाऊक नव्हते.

आता साखळी पूर्ण आहे. पालखी वळत नाही, म्हणून हॉल बांधता येत नाही. हॉल बांधता येत नाही, म्हणून ओळ पाडण्याचे कारण उरत नाही. ओळ राहते, म्हणून गंगा राहते.

११ मे, रविवार

गौरेशला दाखवले. तो पालखी हातात घेऊन बसला. दोनदा अडकवून पाहिली. "ह्यां खरां," तो म्हणाला. मग काही वेळाने, "आते, खांब सरकव म्हणून सांगूया. आराखडो बदलूया. सगळो मोडूक नको."

"ज्याचा पायाच चुकला ते का राखायचे?"

"कारण त्यात गंगेची खोली आसा."

"गंगेची खोली इथे आहे." मी दार उघडून दाखवले.

तो उठला. एरवी माझ्याशी बोलताना तो बोलीत थोडी मराठी मिसळतो. रागावला की पेडण्याची बोली तेवढी राहते. "तुका जिकूक व्हयां. गंगेचां तुका काय पडलेलां नाय."

मी त्याला म्हणाले, आरोप नको, आधारविधान सांग. तो म्हणाला, "तिका इचार जावन." मी म्हणाले, तू दोनदा जाऊन तिला घाबरवल्यावर तिच्या उत्तराला काय किंमत? त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी त्याच्या तोंडात मारली. मग बेकरीतून पोई, म्हणजे पाव, आणायला म्हणून बाहेर पडला आणि पोई न आणता परत आला.

तरीही कोणी पुढे आक्षेप घेऊ नये म्हणून संध्याकाळी गंगेकडे गेले.

"तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली काय?" मी विचारले.

"नाय बा. कोण करतलो?"

"गौरेशने?"

"तो? तो बरो झील." (बरो झील म्हणजे भला मुलगा. नवऱ्याच्या पश्चात देवस्थानावर अवलंबून असलेली बाई चिटणिसाबद्दल दुसरे काय म्हणणार?)

"घाबरू नकोस. मी आहे."

"भियत नाय गे मालूबाय," ती म्हणाली आणि गुडघ्याला तेल लावू लागली. मी समाधानाने परतले.

१८ मे, रविवार

आमसभा झाली. क्रमाने लिहिते.

सभा सुरू होण्याआधीच मी आणि रेश्माने प्रतिकृती आणि हॉलचा पाट सभामंडपातल्या चौरंगावर नेऊन ठेवले. मला बोलण्याचा अधिकार नाही. विटांना तशी बंदी कुठे नाही. मग आम्ही दोघी बायकांच्या बाजूला, खांबाशी बसलो.

कृष्णनाथबाब आले, पाहिले, म्हणाले, "ह्यां कोणी हाडलां?" तेवढ्यात सगळे महाजन भोवती जमले. मी मनात तयार ठेवलेला सर्व युक्तिवाद अनावश्यक ठरला, कारण कुणीतरी पालखी उचलली.

"आरे, दांडी बग. अशीच आसा."

"आत घाल. वळय."

"अडाकली."

"तुका वळवूक येना. सर. दी माका."

"तू जल्मात कदी खांदो दिलस काय? मागल्यांनी आदी सरकाचां आसता."

"मागले हंय भिंतीत घुसतत मरे."

साठी-सत्तरीचे पुरुष, धोतरे-पँटी सावरून, गुडघ्यांवर. पाळी लावून एकेक जण पालखी वळवत होता. एकाने तोंडाने ताशा धरला. कृष्णनाथबाबांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. त्यांनी तीन प्रकारे वळवली आणि चौथ्या वेळी जोर केला, तेव्हा सिमेंटचा खांब उपटून बाहेर आला. मंडपात एकच हशा. ते उपटलेला खांब हातात धरून उठले आणि म्हणाले, "वळना. देवीची पालखी वळना तो हॉल माका नाका."

बालवाडी हा शब्द कोणी उच्चारला नाही. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

ठरावाचा मसुदा मी आधीच लिहून रेश्माकडे दिला होता. तिने तो पुढे केला. कृष्णनाथबाबांनी तो शब्दशः वाचला: सभामंडप आहे तसा ठेवून छप्पर दुरुस्त करावे, उत्तरेकडची ओळ पाडू नये, उर्वरित आराखडा पूर्णतः रद्द समजावा. एकमताने संमत.

एकमताने म्हणजे गौरेशचा हातही वर होता. तो वर करताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पराभूत पक्षाने तसे पाहू नये, हे स्वाभाविक आहे.

१९ मे, सोमवार

सेजलला सगळे सांगितले. ती ओरडलीच. आपल्या विटा रचणाऱ्या मंडळींच्या गटात छायाचित्र टाकते म्हणाली. बऱ्याच वर्षांनी मी दुपारी झोपले.

३ जुलै, गुरुवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. प्रतिकृती देवळातच आहे; येणारे-जाणारे पालखी अडकवून पाहतात.

आज लिहिते ते गंगेच्या कृतघ्नपणाबद्दल. ठराव झाल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पूर्वी देवळात गेले की एक वळेसर माझ्या हाती देत असे, तो बंद झाला. आज मी सरळ तिच्या दारात गेले. चौकात पाणी साचले होते. आतून ती बाहेर यायला निघाली होती: एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी, दातांत साडीचा पदर. चौक ओलांडून विहिरीमागे जायला. मला पाहून थांबली.

मी म्हणाले, "मी तुझी खोली राखली. तुला एक शब्द बोलावासा वाटला नाही?"

तिने दातांतला पदर सोडला. "माका ही खोली नको होती."

मी म्हणाले, तू तसे कधी सांगितले नाहीस.

"माका इचारलंस कदी? तू इचारलंस, जबरदस्ती केल्यान काय. नाय केल्यान. मीच गौरेशाक सांगितलेलां. संडास आत व्हयो, भुंयेर व्हयो, धरूक दांडो व्हयो. तो दोनदा इलो, बसलो, माज्या हातान दाखवन घेतल्यान दांडो खंय तो. कृष्णनाथबाबाकडसून व्हय म्हणान घेतल्यान. मी भैनीच्या चेडवाक सुद्दा कळयलां. मागीर तू तुजां देवूळ हाडलंस."

"या उंबऱ्यावरून तुला देवी दिसते," मी म्हणाले. त्या क्षणी माझ्याकडे दुसरा हेतू नव्हता.

"रातभर पावस लागलो काय माका देवी दिसना. माका ती वाट दिसता." तिने काठीने पाण्याकडे दाखवले. "आता सर. माका जावचां आसा."

मी बाजूला झाले. तिच्यावर छत्री धरायला हवी होती. तिची स्वतःची होती म्हणून धरली नाही. ती भिंतीला धरून गेली. मी ती परत येईपर्यंत तिच्या दारात उभी राहिले. परत आल्यावर तिने दार लावून घेतले.

घरी गौरेशला विचारले, "मला सांगितले का नाहीस?"

"सांगितलेलां. तू आधारविधान मागलंस."

"ठराव बदलता येईल?"

"रद्द केलेलो आराखडो परत हाडूक आमसभा व्हयी. ती आता फुडल्या वर्सा." मग म्हणाला, "मसुदो तुजोच होतो, आते. बरो लिवलेलो. खंयच फट नाय."

६ जुलै, रविवार

हा राग कुणावर आहे हे तीन दिवस तपासते आहे. गंगेवर, की तिने वेळेवर सांगितले नाही; पण तिने सांगितले होते, माझ्या खोलीत, बोट फिरवून. गौरेशवर, की त्याने ठामपणे सांगितले नाही. पण तो उठून उभा राहिला होता. महाजनांवर, पण त्यांनी तर मी लिहून दिले ते वाचले. एकेक पक्ष खोडला गेला. उरला तो एकच, आणि त्याच्यावर रागावण्याची मला सवय नाही.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा एक रिकामा पाट आणि विटांचा डबा घेऊन गंगेकडे गेले. तिने दार उघडले, पण बस म्हणाली नाही. मी बसले.

"मी काही रचणार नाही," मी म्हणाले. "तू रच. तुला कशी खोली हवी ती."

"माका येना ह्यां."

"दाबले की बसते."

ती बराच वेळ डब्यात बोटे फिरवत राहिली. मग आधी संडास रचला. दारापासून तो किती लांब, हे तिने स्वतः खोलीत पावले टाकून पाहिले. धरायचा दांडा दोनदा काढून पुन्हा बसवला. पहिल्यांदा उंच झाला होता. मग खाट. मग खिडकी, मागच्या माडांकडे.

"देवीकडे नाही?" मी विचारले. हा प्रश्न तरी मी विचारला.

"देवीक चाळीस वर्सां हार घातले. आता थोडी पाठ केली तर ती रागवतली काय?" ती हसली, आणि लगेच हसू आवरले, कारण माझ्यावरचा राग संपला नव्हता. तिच्या भिंतीचे सांधे सांध्यावर आले होते. मी तोंड उघडले आणि मिटले.

निघताना ती म्हणाली, "ह्यां हंयच दवर. गौरेशाक दाखयतंय." वळेसर दिला नाही.

९ जुलै, बुधवार

निष्कर्ष नोंदवून ही वही बंद करते.

उत्तरेकडची ओळ पाडण्याची गरज नव्हती, ही प्रतिज्ञा सिद्ध झाली आहे. नव्या खांबांमध्ये पालखी वळत नाही, हेही सिद्ध झाले आहे, आणि ते विटांनी सिद्ध झाले. या दोन्ही गोष्टी मी मागे घेत नाही. बहात्तराव्या वर्षी विटा रचणे हा चळ नव्हे, हेही मागे घेत नाही.

चूक एक झाली. ज्या बाईसाठी हा वाद मांडला तिला काय हवे आहे हे मी तिला विचारले नाही. तिच्यावर जबरदस्ती झाली का, एवढेच विचारले, कारण त्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर माझ्या बाजूने लावता आले असते. हॉल अडवून भक्तनिवास राखता येत होते. गौरेशने तसे सुचवलेही होते. मी ते ऐकले नाही, कारण मला पूर्ण विजय हवा होता. परिणामी गंगा हा पावसाळा, आणि कदाचित पुढचाही, चौक ओलांडून जाईल.

आमसभेत मला बोलू दिले जात नाही. म्हणून ही कबुली मी आज गौरेशकडे दिली आहे, आणि पुढील आमसभेत ती माझ्या नावाने, एकही शब्द न गाळता, सर्व महाजनांसमोर वाचावी, असे त्याला सांगितले आहे. तो म्हणाला, "आते, तुका हसतले." मी म्हणाले, हसू दे.

मालती बाबुराव प्रभुदेसाई